रुमाल आणि तसबीर

गेल्या महिन्यात साताऱ्यात हौशी मंडळींनी केलेला ‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग बघितला. नाट्यगृहाबाहेर चहाच्या गाडीवर आम्ही सात-आठ जण थांबलो होतो. प्रयोग चांगलाच झाला होता. पेटी-तबला नेटका होता, रेवती गायली छान आणि फाल्गुनरावाने तर पोट धरून हसवलं. एक मित्र, वाचणारा माणूस, चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, "मजा आली. पण शेवटी हलकंफुलकंच आहे रे. डोक्याला ताप नाही."

कुणी काही बोललं नाही. मीही मान हलवली. घरी येताना मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. हलकंफुलकं. या नाटकाबद्दल मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय. आजोबा हेच म्हणायचे. शाळेतले गुरुजी हेच म्हणायचे. नाट्यसंगीताच्या मैफलीत निवेदन करणारेही गाण्यांची तोंडभर स्तुती करतात आणि नाटकाबद्दल विचारलं तर म्हणतात, धमाल प्रहसन. शंभरावर वर्षं होऊन गेली, पण शेरा बदललेला नाही.

मला वाटतं हा शेरा चुकीचा आहे. नुसता चुकीचा नाही, महागातही पडलेला आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात आपल्याच नदीकाठावरून करू. आमचं घर साताऱ्यात, आजोळ सांगलीत. मे महिन्याच्या सुट्टीत मामा सायकलवर पुढे बसवून हरिपूरला न्यायचा. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ, वाटेवरची चिंचेची झाडं, हळदीची पेवं. पेव म्हणजे काय हे मला तिथेच कळलं. जमिनीच्या पोटात खोल खड्डा आणि त्यात वर्षानुवर्षं टिकणारी हळद. मामा सांगायचा, "हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव बरं का." मला तेव्हा देवल म्हणजे देवळाचे कोणीतरी वाटायचे.

देवलांचा जन्म १८५५ चा, हरिपूरचा. शिक्षण बेळगावला झालं. तिथे अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना भेटले. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं, त्या धडपडीत देवल त्यांच्यासोबत होते. पुढे ते तालीममास्तर म्हणून नावाजले. बालगंधर्व त्यांच्याच तालमीत तयार झाले. देवलांनी एकूण सात नाटकं लिहिली. त्यातलं पूर्णपणे स्वतःच्या कल्पनेचं एकच, १८९९ चं ‘शारदा’. बाकी सहा संस्कृत किंवा इंग्रजी नाटकांवरून आणि ग्रंथांवरून घेतलेली.

हा ‘एक स्वतंत्र, सहा रूपांतरित’ हिशेब मराठी नाटकाच्या इतिहासात देवलांच्या नावापुढे कायमचा लिहिला गेला. परीक्षेतही तोच प्रश्न यायचा. ‘शारदा’ला पूर्ण मार्क. बाकीच्या नाटकांना मार्क देताना आधी मूळ लेखकाचे वजा करायचे आणि उरतील ते देवलांचे. ‘संशयकल्लोळ’च्या वाट्याला उरायचं ते ‘खटकेबाज संवाद आणि गोड पदं’ एवढंच.

आता त्या सहांपैकी दोन नाटकं शेजारी ठेवून बघू.

पहिलं ‘झुंझारराव’, १८९० चं. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं मराठी रूप. इथे आपला सातारा येतो. त्या काळी शाहूनगरवासी नाटक मंडळी नावाची गद्य नाटकांची कंपनी गाजत होती. शाहूनगर म्हणजे सातारा हे इथल्या लोकांना सांगायला नको. या कंपनीचे गणपतराव जोशी म्हणजे त्या काळचे सगळ्यात मोठे गद्य नट. कराडजवळच्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, ते याच कंपनीने रंगमंचावर गाजवलं. गणपतरावांचा हॅम्लेट आणि गणपतरावांचा झुंझारराव या दोन भूमिकांच्या आठवणी लोक पुढे पन्नास वर्षं सांगत होते. म्हणजे सांगलीकर देवलांनी लिहिलेला संशयी नवरा साताऱ्याच्या नावाच्या कंपनीने महाराष्ट्रभर नेला.

‘ऑथेल्लो’ची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. शूर सेनापती, त्याची निष्पाप बायको आणि कान भरणारा हाताखालचा माणूस. सगळा घोटाळा एका रुमालावर येऊन थांबतो. बायकोचा रुमाल दुसऱ्या पुरुषाकडे दिसतो, नवऱ्याला तेवढा पुरावा पुरतो आणि तो तिचा जीव घेतो.

दुसरं नाटक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. हे १८९३ चं, म्हणजे ‘झुंझारराव’नंतर अवघ्या तीन वर्षांनी लिहिलेलं. तेव्हा ते गद्यच होतं. नाव वाचूनच कळतं की इथेही सगळा घोटाळा एका वस्तूवर आहे. रस्त्यात चक्कर आलेल्या तरुणीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेला पडतं. त्या तरुणीकडची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर फाल्गुनराव बघतो. आता दोघांचंही डोकं फिरलेलं. ती तरुणी म्हणजे रेवती आणि तसबिरीतला माणूस म्हणजे तिचा प्रियकर अश्विनशेठ. संशय त्या दोघांनाही सोडत नाही. चौघे जण एकमेकांच्या मागावर, प्रत्येकाकडे पुरावा आणि प्रत्येक पुरावा खोटा.

बघा, एकच लेखक, तीन वर्षांचं अंतर, विषय तोच. एकदा रुमाल, एकदा तसबीर. संशयाचं यंत्र दोन्हीकडे सारखंच चालतं. डोळ्यांना दिसलं ते खरं असतं, पण त्याचा अर्थ बघणाऱ्याने मनात आधीच ठरवलेला असतो. झुंझारराव कुणाचं ऐकून घेत नाही, फाल्गुनरावही ऐकून घेत नाही. फरक एवढाच की झुंझाररावाला कान भरायला एक दुष्ट माणूस लागतो. फाल्गुनरावाला कुणीच लागत नाही. तो स्वतःच स्वतःचे कान भरतो.

मला विचाराल तर हा फरक फार मोठा आहे. ‘ऑथेल्लो’ बघून बाहेर पडताना आपण त्या कान भरणाऱ्याला शिव्या घालतो आणि नवऱ्याबद्दल हळहळतो. बिचारा फसवला गेला म्हणतो. फाल्गुनरावाला तसं म्हणायची सोयच देवल ठेवत नाहीत. त्याला फसवणारा तो स्वतःच आहे, म्हणून लोक त्याला हसतात.

शोकांतिकेला आपण इतिहासात प्रकरण देतो आणि प्रहसनाला तळटीप. पण दोन्ही एकाच माणसाने, बहुधा एकाच विचाराच्या ओघात लिहिली, ही गोष्ट त्या वाटणीत हरवून जाते.

आता ‘हे काय, परक्याचंच आहे’ या आक्षेपाबद्दल. ‘फाल्गुनराव’चं मूळ आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या १७६१ च्या इंग्रजी सुखात्मिकेत आहे आणि मर्फीचं मूळ मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच नाटकात. मोलिएर त्यात संशयी नवऱ्याची भूमिका स्वतः करायचा. त्याच्या हयातीत सगळ्यात जास्त वेळा झालेल्या त्याच्या नाटकांपैकी हे एक. तरी नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या थोर नाटकांच्या रांगेत त्याला मागेच उभं केलं, छोटं प्रहसन म्हणून. म्हणजे पॅरिस असो की सांगली, शेरा तोच. प्रेक्षक पुन्हापुन्हा येतात आणि अभ्यासक म्हणतात, ठीक आहे, हलकं आहे.

पण पॅरिसहून लंडनमार्गे कृष्णाकाठी आलेल्या या गोष्टीचं देवलांनी काय केलं ते बघा. सोपी खूण सांगतो. पात्रांची नावं. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. बायका कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पुरुष सगळे महिने आणि बायका सगळ्या नक्षत्रं! अख्खं पंचांग रंगमंचावर आणून ठेवलंय. घरोघरी खुंटीला पंचांग टांगलेलं असायचं त्या काळात, पडदा वर जायच्या आधीच प्रेक्षक हसला असेल. आणि विनोदाच्या आत एक टोमणाही आहे. ज्या समाजात लग्न पंचांग बघून जुळवायचं, तिथे पंचांगातलेच महिने आणि नक्षत्रं एकमेकांवर संशय घेत गल्लोगल्ली फिरतायत. हे मर्फीकडे नव्हतं, मोलिएरकडेही नव्हतं. हे हरिपूरचं आहे.

भाषेचंही तेच. त्याच काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पुढे येत होते. कोट्या, कल्पना, शब्दांचे खेळ ही त्यांची ताकद आणि त्यांचं कौतुकही फार झालं. देवलांचा विनोद त्या जातीचा नाही. फाल्गुनरावाचं एखादं वाक्य वेगळं काढून कुणाला ऐकवलं तर त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही. ते साधं घरातलं बोलणं आहे. हसू येतं ते तो माणूस ते कोणत्या क्षणी, कुणाला, कशाच्या भरवशावर बोलतो त्यामुळे. म्हणूनच अशा विनोदाची समीक्षा करणं अवघड जातं. दाखवायला अवतरण मिळत नाही. कोटी उतरवून घेता येते, प्रसंग उतरवून घेता येत नाही. टीकाकाराच्या वहीत कोल्हटकर मावले, देवलांचा फाल्गुनराव मावला नाही.

आता गाण्यांकडे येऊ, कारण आज हे नाटक जिवंत आहे ते लोकांच्या मते गाण्यांमुळे.

या गद्य नाटकात पदं आली ती देवलांच्या अगदी शेवटच्या काळात आणि ‘संशयकल्लोळ’ हे नाव मिळालं. १४ जून १९१६ ला देवल गेले. त्यानंतर काही महिन्यांनी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं. म्हणजे ज्या रूपात हे नाटक अजरामर झालं, ते लेखकाने प्रेक्षकांत बसून कधी बघितलंच नाही. पहिलं हसू कुठे आलं, कुठल्या पदाला पहिला वन्समोअर पडला, त्यांना कळलं नाही. एवढी वर्षं लोकांना तालीम देण्यात घालवलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या प्रयोगात रेवती होते बालगंधर्व, आपल्या नागठाण्याशी नातं सांगणारे. फाल्गुनराव होते गणपतराव बोडस. आणि इथून या नाटकाचं कौतुक दोन वाटांना गेलं. बालगंधर्वांच्या गाण्याचं कौतुक एका वाटेने, बोडसांच्या गद्याचं दुसऱ्या. दोन्ही मिळून एक नाटक होतं हे हळूहळू विसरलं गेलं.

गंधर्व मंडळींचा थाट मोठा. पायाने भाता मारायचा ऑर्गन, सारंगी, तबला. पुढच्या काळात तर कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला साथीला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने गायलेली लोकप्रिय गाणी आणि ती कुठे, तर एका विनोदी नाटकात. लोक वेडे झाले यात नवल नाही. पण त्याबरोबरच आक्षेपही आला आणि तो त्या सगळ्या काळावरच होता. एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, नाटकाची मैफल होते, रात्र सरली तरी अंक संपत नाही, कथानक खुंटीला टांगलेलं. हा आक्षेप खोटा नव्हता. प्रहसनाला तर तो जास्तच लागू होतो. घोटाळ्याच्या नाटकात गती पाहिजे. दारामागे लपलेल्या माणसाने तीन वन्समोअर होईपर्यंत लपून राहायचं म्हणजे अवघडच की!

पण मी गेल्या महिन्यात प्रयोग बघताना मुद्दाम लक्ष ठेवलं. गाण्यांचा मोठा भार आहे रेवती आणि अश्विनशेठवर. फाल्गुनरावाचा सगळा जोर बोलण्यावर. प्रेम करणारी माणसं थांबतात, गातात, एकेक सूर रेंगाळू देतात. संशय घेणारा मात्र थांबतच नाही. तो धावतो, बडबडतो, एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात उडी मारतो. अश्विनशेठच्या तोंडी दरबारी कानड्यातलं ते प्रसिद्ध पद येतं, वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात बहुतेकांनी ऐकलेलं, तेव्हा सगळं नाट्यगृह शांत होतं. आणि नंतर फाल्गुनराव आला की ती शांतता क्षणात मोडते. म्हणजे गाणं नाटकाला अडवत नाही. विश्वास असलेलं मन कसं असतं आणि नसलेलं कसं, ते गाणं आणि गद्य मिळून कानांना ऐकवतं.

हे ऐकायला मात्र दोन्ही एकत्र असावी लागतात. आपण काय केलं, तर गाणी उचलली आणि मैफलीत नेली. १९३० च्या दशकात बोलपट आले, नाटक कंपन्या मोडकळीला आल्या. नाटकं मागे पडली, गाणी तबकड्यांवर आणि रेडिओवर राहिली. एकदा गाणं नाटकातून सुटलं की त्यातला विनोद गळून पडतो. दरबारीचं गांभीर्य उरतं, पण ते गाणाऱ्या अश्विनशेठलाही संशयाचं तेच वारं लागतं, ही गंमत उरत नाही.

हे आजही चालूच आहे. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’वरून २०२५ च्या जानेवारीत सिनेमा आला, शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत होतं. आमच्या ग्रुपवर आठवडाभर वाद चालला, जुन्या चाली बऱ्या की नव्या. चांगला वाद होता, मीही भांडलो. पण ‘मानापमान’ मूळ कशाबद्दल होतं, पैसा मोठा की शौर्य, हे खाडिलकरांनी १९११ मध्ये कुणाला उद्देशून विचारलं होतं, यावर एकही मेसेज आला नाही. माझाही नाही.

आता ‘शारदा’ आठवा. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला पैशासाठी विकली जाणारी कोवळी पोर. त्यातही विनोद भरपूर आहे, नवरदेवाच्या वयाची टिंगल करणारं पद तर लग्नाच्या पंगतीतही म्हटलं जायचं. पण ‘शारदा’ला कुणी हलकंफुलकं म्हटलं नाही, कारण त्याला सामाजिक प्रश्न होता. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो आणणारे हरबिलास सारडा. मराठी माणसाने त्याला सरळ ‘शारदा कायदा’ करून टाकलं. आडनावाचा योगायोग, पण लोकांच्या मनात नाटक आणि कायदा एक झाले. ‘शारदा’ला सुधारक मिळाले, कायदा मिळाला, पाठ्यपुस्तक मिळालं. ‘संशयकल्लोळ’ला फक्त प्रेक्षक मिळाले.

जसं काही संशय हा सामाजिक प्रश्नच नाही.

इथे मला थोडं थांबून आपल्या जिल्ह्यांबद्दल बोलायचंय. सातारा असो की सांगली, स्थानिक पेपरचं आतलं पान उघडा. एक ठरलेला मथळा आहे. ‘चारित्र्याच्या संशयावरून’. पुढे मारहाण असेल, जाळून घेणं असेल, खून असेल. गाव बदलतं, नावं बदलतात, हे दोन शब्द तसेच राहतात. जणू संशय हे पुरेसं कारण आहे आणि चारित्र्य फक्त तिचंच असतं. मथळा वाचणारा माणूसही नकळत विचारतो, "पण काही होतं का तसं?" म्हणजे मेलेल्या बाईचीच चौकशी. आणि पुरावा काय? पूर्वी रुमाल, मग तसबीर, आता मोबाईल. कुणाचा मिस्ड कॉल, कुणाच्या डीपीला दिलेला लाईक, रात्री साडेअकराला दिसलेलं ‘ऑनलाईन’.

अशा ठिकाणी शोकांतिका काय करते? ती आपल्याला हळहळायला लावते. आणि खोटं कशाला बोलू, ती संशयी नवऱ्याला थोडं मोठंही करते. त्याचं प्रेमच एवढं, म्हणून त्याचा रागही एवढा, असं काहीतरी. आपल्या सिनेमांनी तर हेच विकलं. देवलांनी १८९० मध्ये तो थोर संशयी नवरा मराठीत आणला आणि तीन वर्षांनी त्याच माणसाला घरात आणून, पंचांगातलं नाव देऊन, सगळ्या गावापुढे हास्यास्पद केलं. तुझा संशय म्हणजे प्रेम नाही, शौर्य नाही, नुसता मूर्खपणा आहे, हे सांगायला हसण्यासारखं हत्यार नाही. माणूस रडणं सोसतो, शिव्याही सोसतो. आपल्याला गाव हसतंय हे त्याला सोसत नाही.

मामीची एक गोष्ट सांगतो. मामा सांगलीत हौशी संस्थेत तबला वाजवायचा, त्यामुळे तालमी घरातच व्हायच्या आणि मामी चहा करकरून वैतागलेली असायची. मी कॉलेजात असताना तिला विचारलं होतं, "मामी, एवढ्या नाटकांत तुला आवडतं कुठलं?" तिने पटकन सांगितलं, "संशयकल्लोळ." मी म्हटलं, "ते तर हलकंफुलकं आहे." (बघा, तेव्हा मीही हेच म्हणत होतो.) मामी म्हणाली, "बाकीच्या नाटकांत बाईलाच रडायचं असतं रे. इथं बापया येडा होतो आणि सगळी त्याला हसतात. तेवढंच बरं वाटतं." आणि ती पुन्हा चहाला गेली. आमच्यापैकी एकानेही एवढी चांगली समीक्षा केली नव्हती. तीही कुठे छापून आली नाही.

नाटकात सगळंच गोमटं आहे असं मी म्हणत नाही. कृत्तिकाही संशयी दाखवलीय आणि कजाग बायको म्हणून तिच्यावर काढलेला विनोद आज ऐकताना कानाला टोचतो. रेवती मघा नायकिणीच्या घरची. तिच्याशी प्रतिष्ठित घरातला अश्विनशेठ लग्न करतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण नाटक तिला स्वीकारतं ते ती ‘तसली’ नाही हे वारंवार पटवून देऊनच. ती तसली असती तर? हा प्रश्न नाटक विचारत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण शेवटाची आहे. गैरसमज दूर होतात, सगळे हसतात, पडदा पडतो. खऱ्या घरात तसबिरीचा उलगडा झाला तरी फाल्गुनराव उद्या दुसरी तसबीर शोधतो.

हे सगळं चर्चेला घ्यायला हवं होतं. पण ‘हलकंफुलकं’ म्हटलं की चर्चेचं दारच बंद होतं. स्तुतीही बंद, टीकाही बंद. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की हा शेरा महागात पडलाय. संशयी नवऱ्यावर हसायला शिकवणारं नाटक आपल्याच मातीत लिहिलं गेलं, सव्वाशे वर्षं होतंय, तुडुंब गर्दीत होतंय आणि आपण त्यातून फक्त चाली उचलल्या. अलीकडेच प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी ते पुन्हा केलं, तेव्हाही गर्दी झाली. ‘झुंझारराव’ मात्र माझ्या हयातीत मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. लोकांनी आपला कौल कधीच दिलाय. आता जरा टीकाकारांनी, शिक्षकांनी, आपण सगळ्यांनी मनावर घ्यायचं आहे.

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. नटराजपूजन होतं, सत्कार होतात, भाषणं होतात. ते व्हावंच. माझी एक छोटी मागणी आहे. यंदा दोन्ही जिल्ह्यांतल्या एखाद्या कॉलेजने ‘ऑथेल्लो’चा रुमालाचा प्रवेश आणि ‘संशयकल्लोळ’चा तसबिरीचा प्रवेश एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करावा. खर्च काही नाही. एक रुमाल, एक फोटो, सहा-सात पोरं-पोरी. नंतर अर्धा तास मुलांना बोलू द्यावं आणि त्यांना मोबाईलबद्दलही बोलू द्यावं. कुणी करणार असेल तर मी येईन आणि चहाचा खर्च माझ्याकडे.

परवा तो मित्र पुन्हा भेटला. त्याला हे सगळं ऐकवलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू फारच वजन टाकतोयस बाबा त्या नाटकावर. मला नुसतं हसायला आलं होतं."

मी म्हटलं, "कुणावर?"

तो म्हणाला, "फाल्गुनरावावर. दुसऱ्या कुणावर?"

मी म्हटलं, "मग झालं तर."